अँगरसाहेबांचा कॅमेरा

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमच्याकडे ‘पास होण्यापुरता’ विषय होता. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी लिहिशील का, असं सरांनी विचारलं तेव्हा मला आधी ऱ्हस्व-दीर्घच आठवलं आणि घाम फुटला. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं होतं त्याच्याबद्दल मी आधी मावशीला सांगितलं होतं, आणि मावशीशी मी मराठीतच बोलते. तेव्हा चुका पदरात घ्या आणि पुढे वाचा.

गेल्या वर्षी सबमिशनच्या ऐन गडबडीत मी चार दिवस हॉस्टेलवर नव्हते. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. तिची मुलगी बारावीला, काका नोकरीत अडकलेले, म्हणून शहरातल्या हॉस्पिटलात तपासण्यांना तिच्याबरोबर मी गेले. खरी खंत अशी की साधारण वर्षभरापूर्वीच तिची मॅमोग्राफी झाली होती आणि रिपोर्ट स्वच्छ आला होता. त्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, की स्तनांच्या ऊती दाट आहेत. त्या ओळीचा अर्थ कुणी समजावून सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पुढे तिच्या हाताला गाठ लागली. तीसुद्धा तिने दोन महिने कुणाला सांगितली नाही, कारण असल्या गोष्टी चारचौघांत कशा बोलायच्या!

त्या दिवशी तिचा बोन स्कॅन होता. कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय का ते बघायचं होतं. सकाळी तिच्या शिरेत एक इंजेक्शन दिलं आणि तीन तास थांबायला सांगितलं. भरपूर पाणी प्यायचं, लहान मुलांच्या जवळ जायचं नाही. दारावर तो पिवळा-काळा तीन पाकळ्यांचा बोर्ड. दुपारी तिला एका अरुंद पलंगावर झोपवलं, आणि वर-खाली दोन मोठे चौकोनी डबे तिच्या डोक्यापासून पायांकडे अगदी सावकाश सरकू लागले. आवाज नाही, उजेड नाही. काचेपलीकडच्या स्क्रीनवर मात्र एकेक ठिपका उमटत होता. आधी कवटी, मग मानेचे मणके, मग फासळ्या. पाऊस सुरू होताना अंगणात थेंब उमटतात ना, तसे ठिपके, आणि त्यांतून माझ्या मावशीचा सांगाडा तयार होत होता.

मी घाबरलेली होते, पण शेवटी ई अँड टीसीची पोरगी! डोक्यात प्रश्न आलाच. किरण तर शरीरातून सगळ्या दिशांना निघतायत. मग कुठला किरण कुठून आला हे या डब्याला कळतं कसं? तिथल्या टेक्निशियन दादांना विचारलं. ते म्हणाले की आत अँगर लॉजिक असतं. मी म्हटलं, म्हणजे काय? त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले की इंजिनिअरिंग तुम्ही शिकताय, तुम्हीच शोधा.

मी शोधलं. या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग हुबेहूब ‘राग’ या शब्दाचं आहे. माझ्या रूममेटला वाटलं की रागीट माणसं ओळखणारा कॅमेरा निघालाय, आणि तो आधी रेक्टर मॅडमच्या केबिनबाहेर लावावा! पण ते एका माणसाचं आडनाव निघालं. हॅल ऑस्कर अँगर. आणि हा माणूस डॉक्टर नव्हता, फिजिक्सचा पीएच.डी.सुद्धा नव्हता. तो आपल्यासारखाच इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता.

हॅल अँगर यांचा जन्म २० मे १९२० रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरात झाला. लहानपण गेलं कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला. तो काळ रेडिओचा होता. आज आपण जसे मोबाइल उघडून बसतो तशी त्या पिढीची हुशार मुलं व्हॉल्व्हचे सेट उघडून बसायची. अँगर यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, साल १९४३. आपल्या बी.ई.सारखीच पहिली पदवी. त्यापुढे त्यांनी अभ्यास करून एकही पदवी घेतली नाही, हे लक्षात ठेवा. शेवटी त्याचा संबंध येणार आहे.

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. पदवी हातात पडल्यावर अँगर हार्वर्डच्या रेडिओ रिसर्च लॅबोरेटरीत गेले. तिथे काम होतं शत्रूचं रडार निकामी करण्याचं, म्हणजे जॅमिंगचं. कमकुवत सिग्नल, त्यात मिसळलेला गोंगाट, आणि त्या गोंगाटातून नेमकं हवं ते कसं वेगळं करायचं, याचं शिक्षण त्यांना असं युद्धात मिळालं. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये ते बर्कलीला परतले, डॉनर लॅबोरेटरीत.

या डॉनर लॅबबद्दल थोडं सांगायला हवं. सायक्लोट्रॉन शोधणारे अर्नेस्ट लॉरेन्स आपल्याला बारावीच्या फिजिक्समुळे माहीत असतात. त्यांचे सख्खे भाऊ जॉन लॉरेन्स डॉक्टर होते. एक भाऊ किरणोत्सारी मूलद्रव्यं बनवायची यंत्रं उभारायचा आणि दुसरा त्यांचा उपयोग रोग्यांसाठी कसा होईल ते बघायचा. डॉनर लॅब ही या दुसऱ्या भावाची जागा. अँगर यांनी तिथे आधी १८४ इंची भल्यामोठ्या सायक्लोट्रॉनवर काम केलं, त्याचा झोत वैद्यकीय संशोधनाला वापरता यावा म्हणून. पण त्यांचं मन रमलं ते छोट्या उपकरणांत.

त्या वेळची अडचण समजून घेऊ. शरीरातला एखादा अवयव एखादं रसायन ओढून घेतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. उदाहरणार्थ, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन खेचते. मग किरणोत्सारी आयोडीन थोडंसं दिलं तर ते तिथे जाऊन बसणार आणि तिथून गॅमा किरण बाहेर येणार. एक्स-रेमध्ये किरण बाहेरून आत जातात, इथे ते आतून बाहेर येतात. एक्स-रे आकार दाखवतो. ही पद्धत दाखवते की तो भाग काय करतोय, किती खातोय. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं.

पण गॅमा किरण पकडायचे कसे? ते भिंगाने वळत नाहीत, त्यामुळे नेहमीचा कॅमेरा बाद. १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी दाखवून दिलं की थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर गॅमा किरण आदळला की प्रकाशाची बारीकशी ठिणगी पडते. ती फोटोमल्टिप्लायर ट्यूबने टिपली की विजेचा पल्स मिळतो. अँगर यांनी या स्फटिकाला विहिरीसारखं भोक पाडून त्यात टेस्ट ट्यूब ठेवायची सोय केली. नमुना चारही बाजूंनी स्फटिकाने वेढला जातो, त्यामुळे फार कमी किरण निसटतात. हा त्यांचा वेल काउंटर, साधारण १९५० सालचा. या पद्धतीची उपकरणं आजही प्रयोगशाळांत वापरात आहेत.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसला बेनेडिक्ट कॅसन यांनी पहिला स्कॅनर बनवला. एक डिटेक्टर रोग्याच्या गळ्यावरून शेतात नांगर फिरवावा तसा ओळीने पुढे-मागे फिरायचा आणि कागदावर खुणा उमटवायचा. यंत्र उत्तम होतं, पण हळू. एका वेळी एकच ठिकाण दिसायचं. हलणारी गोष्ट, म्हणजे रक्त वाहताना, औषध किडनीत शिरताना, त्यात दिसणं शक्यच नव्हतं.

अँगर यांचा विचार वेगळा होता. डिटेक्टर फिरवायचाच कशाला? सगळा भाग एकदम का बघू नये? १९५२ मध्ये त्यांनी पहिला प्रयत्न केला. शाळेत आपण खोक्याला टाचणीने भोक पाडून पिनहोल कॅमेरा करतो, त्याच तत्त्वावर शिशाच्या पेटीला बारीक भोक, मागे स्फटिकाची पट्टी आणि तिच्यामागे फोटोची फिल्म. चित्र आलं, पण फिल्मला इतकी मंद ठिणगी पुरत नव्हती. खूप वेळ थांबावं लागायचं आणि किरणोत्सारी औषधही खूप द्यावं लागायचं. दुसरा कुणी असता तर पेपर छापून पुढच्या विषयाकडे वळला असता. अँगर मात्र त्याच प्रश्नाला धरून बसले.

१९५७-५८ मध्ये उत्तर सापडलं. १९५८ मध्ये त्यांनी ते एकट्याच्या नावावर प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी कॅमेरा डॉक्टरांना दाखवला. फिल्म काढून टाकली. चार इंच व्यासाचा, पाव इंच जाडीचा एक गोल स्फटिक, आणि त्याच्या मागे सात फोटोमल्टिप्लायर ट्यूब. मध्ये एक, भोवती सहा. बस, एवढंच!

आता तुम्ही म्हणाल की सात ट्यूब म्हणजे सातच ठिपके. इथेच खरी गंमत आहे. समजा, रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कुणाच्या हातून स्टीलचं ताट पडलं. सात खोल्यांतल्या मुली जाग्या झाल्या. प्रत्येकीला आवाज ऐकू आला, पण कमी-जास्त. सकाळी सगळ्यांनी मिळून हिशेब केला, की पाचव्या खोलीत सर्वांत मोठा, चौथ्या खोलीत जरा कमी, सहाव्या खोलीत त्याहून कमी, तर ताट नेमकं पाचव्या आणि चौथ्या खोलीच्या मध्ये, पाचवीच्या जवळ पडलं हे सांगता येईल. खोल्या सातच, पण जागा कुठलीही कळते. अँगर यांच्या कॅमेऱ्यात ताट म्हणजे ठिणगी आणि खोल्या म्हणजे ट्यूब.

आणि हा हिशेब करायला कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक ट्यूबचा सिग्नल त्यांनी कपॅसिटरच्या साध्या जाळ्यातून चार वाटांना वाटून दिला: उजवी, डावी, वर आणि खाली. पुढे या कामासाठी रेझिस्टरही वापरले जाऊ लागले. उजवीतून डावी वजा केली की एक्स मिळतो, वरच्यातून खालची वजा केली की वाय. सगळ्यांची बेरीज केली की त्या किरणाची एकूण ऊर्जा, तिला झेड म्हणायचं. ऊर्जा ठरलेल्या मर्यादेत असेल तरच तो किरण खरा मानायचा. नाहीतर तो वाटेत कुठेतरी धडकून, दिशा बदलून आलाय असं समजून सोडून द्यायचा. मग एक्स आणि वाय ऑसिलोस्कोपला द्यायचे, आणि झेडने हिरवा दिवा दाखवला की पडद्यावर एक ठिपका चमकतो. समोर फोटोचा कॅमेरा उघडा ठेवला की ठिपके साठत जाऊन चित्र तयार.

लक्षात आलं का? आपण सेकंड इयरच्या लॅबमध्ये सीआरओ एक्स-वाय मोडला टाकून लिसाजूच्या आकृत्या काढतो आणि जर्नलमध्ये मागच्या बॅचची रीडिंग्ज उतरवतो, तोच सीआरओ! तीच वजाबाकी, तीच बेरीज. हे वाचून मी लायब्ररीत बसल्या बसल्या थोडी ओशाळले. जे सर्किट मी व्हायव्हापुरतं पाठ केलं होतं, त्याच कल्पनेवर मावशीचे मणके मोजले गेले होते.

जगाने लगेच हार घातले असं मात्र नाही. तो पहिला कॅमेरा लहान होता, आणि तेव्हा वापरात असलेल्या आयोडीन-१३१ चे किरण त्याच्या पातळ स्फटिकासाठी फार जोरकस होते. बरेचसे आरपार निघून जायचे. कॅसन यांचा स्कॅनर त्या आयोडीनसाठी बरा होता, मग हा नवा खटाटोप कशाला, असं अनेकांना वाटलं. अँगर यांनी भांडण केलं नाही, कॅमेरा सुधारला. स्फटिक अकरा इंचांचा झाला, ट्यूब एकोणीस झाल्या. ओहायो स्टेट विद्यापीठातले विल्यम मायर्स यांनी या कॅमेऱ्याचं मोल ओळखलं, आणि न्यूक्लिअर-शिकागो कंपनीने बनवलेला पहिला व्यापारी कॅमेरा १९६२ मध्ये त्यांच्याकडेच पोहोचला.

नशिबाने साथ दिली ती टेक्नेशियमच्या रूपात. टेक्नेशियम-९९एम हे एक विलक्षण सोयीचं मूलद्रव्य. अर्धायुष्य सहा तास, म्हणजे तपासणी होईपर्यंत टिकतं आणि मग पटकन ओसरतं. त्याच्या किरणांची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे शरीरातून बाहेर पडायला पुरेशी आणि पातळ स्फटिकात अडकायलाही सोयीची. ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेने ते रोजच्या रोज काढता येईल असा जनरेटर तयार केला होता. १९६० च्या दशकात शिकागोच्या डॉक्टरांनी ते रोग्यांसाठी वापरायला घेतलं, आणि कॅमेऱ्याला जणू स्वतःसाठीच बनवलेलं औषध मिळालं. मग जगभर अँगर कॅमेरे बसू लागले. आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं, म्हणजे ही विद्या आपल्या दाराशीही फार उशिरा आली नाही.

अँगर थांबले नाहीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पॉझिट्रॉन कॅमेरा केला होता, म्हणजे आजच्या पेट स्कॅनच्या वाटेवरचं एक सुरुवातीचं पाऊल. पुढे शरीराचे वेगवेगळ्या खोलीवरचे थर दाखवणारा स्कॅनरही केला. १९६४ मध्ये त्यांना जॉन स्कॉट पुरस्कार मिळाला, १९६६ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप. १९७२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. म्हणजे ज्यांनी पीएच.डी. केलीच नाही त्यांच्या दारात ती चालत आली. १९८२ मध्ये ते निवृत्त झाले. १९९४ मध्ये त्यांना न्यूक्लिअर मेडिसिनमधला मोठा मान मिळाला, आणि त्या पुरस्काराचं नाव होतं बेनेडिक्ट कॅसन पुरस्कार! ज्यांच्या स्कॅनरला अँगर यांच्या कॅमेऱ्याने मागे टाकलं, त्यांच्याच नावाचा. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी बर्कलीत, वयाच्या ८५ व्या वर्षी हॅल अँगर गेले. नोबेल काही मिळालं नाही. पण रोज जगात कुठे ना कुठे कुणीतरी त्यांच्या कल्पनेखाली निमूट झोपलेलं असतं.

चरित्र इथे संपायला हवं. पण मला मावशीमुळे पुढचा प्रश्न पडला. हा कॅमेरा इतका चांगला, तर तो तिच्या हाडांत कॅन्सर शोधायला वापरला, स्तनात शोधायला आधीच का नाही वापरला?

दाट ऊती म्हणजे काय ते आता मला कळलंय. मॅमोग्राफी हा एक्स-रे आहे. त्यात दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. आजी तांदूळ निवडते तेव्हा काळा खडा लगेच सापडतो, पण पांढरा खडा दाताखाली आल्यावरच कळतो. तसंच. गॅमा कॅमेऱ्याला मात्र पांढऱ्या-काळ्याशी देणंघेणं नाही, तो फक्त कोण जास्त औषध ओढतंय ते बघतो. हृदयाच्या तपासणीसाठी टेक्नेशियम जोडलेलं सेस्टामिबी नावाचं औषध होतं. ते पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात जमतं आणि स्तनाच्या गाठीतही जमतं असं दिसून आलं. अमेरिकेत १९९७ मध्ये स्तनाच्या तपासणीसाठी त्याला परवानगीसुद्धा मिळाली.

पण एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी अनेकदा सुटू लागल्या, आणि त्याचं कारण अँगर यांच्या कल्पनेतच दडलेलं होतं. कॅमेऱ्यापुढे शिशाची बारीक भोकांची जाड चाळणी असते. वस्तू जितकी लांब, तितकं तिचं चित्र पसरट. शिवाय ताटाचं उदाहरण आठवा. ताट कॉरिडॉरच्या अगदी टोकाला पडलं तर एकाच बाजूच्या खोल्यांना ऐकू येणार, हिशेब बिघडणार. म्हणून अँगर कॅमेऱ्याच्या कडेची काही सेंटिमीटरची पट्टी कामाची नसते. एवढा मोठा, जड डबा, त्यात कडा आंधळ्या. तो छातीला खेटून लावताच येत नाही. बाई पालथी झोपायची, कॅमेरा बाजूला लांब उभा, आणि शेजारी हृदय-यकृतही तेच औषध ओढून चमकत बसलेले. लहान गाठ त्या अंतरात हरवायची.

म्हणजे अडचण होती जवळ जाण्याची. आणि ती सोडवायला पुढे आले ते अणुगर्भाचा अभ्यास करणारे लोक. व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबचं मूळ काम इलेक्ट्रॉनच्या झोताने अणूचं केंद्रक तपासायचं. कण नेमका कुठे आदळला हे टिपणारे छोटे डिटेक्टर बनवण्यात तिथले लोक तरबेज. त्यांनी एक मोठा स्फटिक घेण्याऐवजी बारीक बारीक स्फटिकांची फरशी केली, मागे जागा ओळखणाऱ्या चपट्या फोटोमल्टिप्लायर ट्यूब लावल्या, आणि कडेपर्यंत बघू शकणारा छोटा कॅमेरा तयार झाला. डिलॉन कंपनीने तो बाजारात आणला. त्यात साधारण तीन हजार स्फटिक आणि ४८ ट्यूब, बघण्याची जागा सुमारे १५ बाय २० सेंटिमीटर. म्हणजे आपल्या जर्नलपेक्षाही लहान! तो मॅमोग्राफीसारखाच थेट स्तनाला टेकवता येतो, आणि बाईला आरामात खुर्चीत बसता येतं.

मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या मंडळींनी आणखी पुढे जाऊन स्फटिकाऐवजी कॅडमियम-झिंक-टेल्युराइड हा सेमीकंडक्टर वापरला. त्यात ठिणगी नाही, ट्यूब नाही, किरणाचा थेट विजेचा सिग्नल होतो. वर एक, खाली एक असे दोन छोटे कॅमेरे, मध्ये हलक्या दाबाने धरलेला स्तन. २०१५ मध्ये त्यांनी दाट ऊती असलेल्या १,५८५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या मॅमोग्राफीने हजारी ३.२ कॅन्सर सापडले, गॅमा कॅमेऱ्याची जोड दिल्यावर हजारी १२.

याचा अर्थ सगळ्यांनी उद्या रांग लावावी असा नाही. या तपासणीत औषध सगळ्या शरीरात फिरतं, म्हणजे थोडा किरणोत्सार सगळ्या अवयवांना मिळतो. तो कमी करण्यासाठीच तर डिटेक्टर सुधारत राहिले. तपासणीला चाळीसेक मिनिटं लागतात, कधी कधी नसलेल्या गाठीची शंका येऊन बायॉप्सीही करावी लागते. म्हणून ती मॅमोग्राफीच्या जागी नाही, तिच्या जोडीला, गरज असेल तिथेच वापरतात. मावशीची गाठ अशा कॅमेऱ्याने वर्षभर आधी सापडली असती का, हे मी सांगू शकत नाही, आणि तसं म्हणणं बरोबरही नाही. पण तो प्रश्न विचारायला हवा होता, हे मात्र नक्की.

मावशीचा बोन स्कॅन स्वच्छ आला. ऑपरेशन झालं, केमो झाली. केस गेले, ते परत आलेत, आणि आधी सरळ होते ते आता कुरळे आलेत म्हणून ती खूश आहे. स्कॅनचा रिपोर्ट आला त्या दिवशी काहीच दिसत नाही हे ऐकून ती आधी हसली नाही. मागच्या वेळीही काही दिसत नाही असंच लिहिलं होतं ना, असं तिने विचारलं. मग बसस्टँडवर चहा पिता पिता मी तिला ताट आणि सात खोल्यांची गोष्ट सांगितली. तिला पटलं की या वेळचं ‘काही नाही’ वेगळं आहे, कारण ते कसं ठरलं हे तिला कळलं होतं. बारावी आर्ट्स झालेल्या माझ्या मावशीला अँगर लॉजिक समजतं, हे मी अभिमानाने सांगते.

हॉस्टेलच्या मैत्रिणींना एकच सांगायचंय. घरी गेलात की आईला, मावशीला, काकूला विचारा. गाठ लागली तर लपवू नका म्हणावं. रिपोर्टमध्ये दाट ऊती असा शब्द असेल तर डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारा, लाजू नका. भारतातल्या स्त्रियांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे.

आणि मित्रांनो, आपल्याला सारखं वाटतं की नुसत्या बी.ई.ने काय होतं! पुढे एम.एस. हवं, एम.बी.ए. हवं, पॅकेज हवं. मिळवा, जरूर मिळवा. पण अँगरसाहेबांकडे एक पदवी होती, काही कपॅसिटर होते, एक सीआरओ होता, आणि एकच प्रश्न वर्षानुवर्षं न सोडण्याची चिकाटी होती. पुढच्या सेमला सीआरओसमोर उभे राहाल तेव्हा एकदा एक्स-वाय मोड लावून तो हिरवा ठिपका नीट बघा. आणि यंदा रीडिंग्ज स्वतः घ्या. मी घेतली.